बेल्टची कुई आणि आयडलिंगची थरथर: घरच्या तपासणीच्या नोंदी

२ नोव्हेंबर

तक्रारी आधी कागदावर उतरवतो, म्हणजे पुढे आठवणीवर विसंबायला नको.

सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की बॉनेटखालून लांब कुई येते आणि काही सेकंदांत थांबते. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावले की तीच कुई परत. दुसरी तक्रार इंजिन तापल्यावरची. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, म्हणजे आयडलिंगला, स्टिअरिंग थरथरतं, सीटमधूनही ती थरथर जाणवते. आरपीएमचा काटा ७५० ला स्थिर राहायला हवा, तो ६५० ते ८०० मध्ये हेलकावे खातो. एसी लावला की थरथर वाढते. थोडी रेस देऊन १,५०० च्या वर नेलं की सगळं शांत. शिवाय चेक इंजिनचा दिवा लागला आहे.

इंजिन चार सिलिंडरचं, पेट्रोल, १.२ लिटर. बाहेर दोन बेल्ट आहेत. एक अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो, त्याचा ताण अल्टरनेटर पुढे-मागे सरकवून ठेवायचा. दुसरा एसीच्या कॉम्प्रेसरचा, त्याला ताणायला वेगळी आयडलर पुली. आपोआप ताण धरणारा टेन्शनर कुठेच नाही. टायमिंग चेन इंजिनच्या आत आहे, तिचा या कामाशी संबंध नाही. ज्यांच्या गाडीत टायमिंग बेल्ट आहे त्यांनी इथलं काहीही त्या बेल्टवर करून पाहू नये. त्याचा एखादा दात सरकला तरी इंजिनचं टायमिंग बिघडतं, आणि बऱ्याच इंजिनांत बेल्ट सुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

दोन्ही तक्रारी एकाच सुमारास सुरू झाल्या, म्हणून "बेल्ट ढिला, त्यामुळे इंजिन थरथरतं" हे मनात लगेच येतं. ते अशक्यही नाही. बेल्ट घसरला की अल्टरनेटरचा व्होल्टेज पडतो, कमी व्होल्टेजवर इंधन फवारणारे इंजेक्टर उशिरा उघडतात आणि ठिणगीसाठीची कॉइल पुरती भारली जात नाही. पण उलटही घडतं. सिलिंडर नीट पेटत नसतील तर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) झटक्याझटक्याने फिरतो, अल्टरनेटरचा जड रोटर त्या झटक्यांबरोबर वेग बदलू शकत नाही आणि बेल्ट फडफडतो, घसरतो. कारण कुठल्या बाजूला आहे हे सिद्ध होईपर्यंत एकही सुटा भाग विकत आणायचा नाही.

३ नोव्हेंबर

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. दोन कोड आले: पी०१७१, म्हणजे मिश्रणात इंधन कमी पडतंय, आणि पी०३००, म्हणजे मिसफायर होतोय (सिलिंडर पेटायचा चुकतोय) पण ठरावीक एका सिलिंडरमध्ये नाही. कोड पडला त्या क्षणाची नोंद ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, ठेवली होती. कूलंट ९१ अंश, आरपीएम ७२०, गाडी उभी.

कोड पुसले नाहीत. ते पुसले की बऱ्याच गाड्यांत इंधनाच्या दीर्घकालीन ट्रिमची (ठरल्या इंधनात ईसीयू करत आलेल्या कमी-जास्तीची) नोंदही शून्यावर जाते, आणि मला नेमकी तीच हवी आहे.

५ नोव्हेंबर

आज फक्त बेल्ट. इंजिन गार, किल्ली खिशात, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. अल्टरनेटरच्या मागच्या जाड टर्मिनलला बॅटरीचं पॉझिटिव्ह कायम जोडलेलं असतं. पाना तिथून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात, म्हणून ही वायर आधी काढायची.

अल्टरनेटरच्या बेल्टच्या धारा (आतल्या बाजूने लांबीभर गेलेले उंचवटे) आरशासारख्या चकाकतायत. भेगा नाहीत, पण त्यावरून बेल्ट चांगला म्हणता येत नाही. जुन्या निओप्रीनच्या बेल्टवर भेगा पडायच्या आणि त्या मोजून बेल्ट बदलायचा की नाही ते ठरायचं. हल्लीचा ईपीडीएम रबर सहसा भेगाळत नाही, टायरसारखा झिजतो. धारांमधल्या खाचा रुंद होतात, बेल्ट पुलीत खोल बसतो आणि धारांची पकड जाते. खाच पाहायला बेल्ट उलटून टॉर्च तिरपा धरावा लागतो. माझ्या बेल्टच्या खाचांचा तळ सपाट झालेला दिसला.

ताण मोजला. क्रँकची पुली आणि अल्टरनेटर यांच्या मधल्या मोकळ्या भागावर, बरोबर मध्यावर, ताणकाट्याने १० किलोचा दाब दिला. या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे नवा बेल्ट ८ ते १० मिमी दबावा, वापरलेला १० ते १२. माझा १७ मिमी दबला. (मॅन्युअलमध्ये "वापरलेला" म्हणजे पाच मिनिटं इंजिनावर फिरलेलासुद्धा. नवा बेल्ट सुरुवातीच्या थोड्या वेळातच पुलीत बसतो आणि सैल होतो, म्हणून हे दोन आकडे वेगळे.)

बेल्ट ढिला आहे, हे ठरलं. थरथर त्याच्यामुळे आहे, हे अजून ठरलेलं नाही.

८ नोव्हेंबर

पाण्याची चाचणी. गाडी उघड्यावर, हँडब्रेक लावलेला, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत वर. रेडिएटरचा पंखा केव्हाही आपोआप सुरू होतो, त्यामुळे हात त्याच्या आसपाससुद्धा न्यायचा नाही. झाडांवर पाणी फवारायच्या बाटलीतून, बाजूला उभं राहून, बेल्टच्या धारांच्या बाजूला थोडंसं पाणी मारायचं. अल्टरनेटरवर नाही.

अल्टरनेटरचा बेल्ट भिजला तशी कुई वाढली. पाण्याने पकड आणखी गेली, म्हणजे हा ताण कमी पडल्याचा आवाज. एसीच्या बेल्टमधून वेगळाच, तुटक चिमणीसारखा चिवचिवाट येत होता, जो कुईमध्ये मला आधी ऐकूच आला नव्हता. त्यावर पाणी मारलं तर तो बंद झाला आणि पाणी वाळल्यावर परत आला. अशी वागणूक पुल्या एका रेषेत नसल्याचं लक्षण मानतात. बेल्ट पुलीत तिरपा शिरतो, धारांच्या कडा घासतात. पाणी तेवढा वेळ वंगणाचं काम करतं.

एकाच गाडीत दोन बेल्ट, दोन आवाज आणि त्यांची कारणंही दोन. बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे मिळतात ते वापरणार नाही. त्यांनी आवाज दबतो, चाचणीही निरुपयोगी होते, आणि त्या चिकट थरावर धूळ बसून धारा आणखी झिजतात.

मग ताण आणखी अचूक मोजला. बेल्टचा मोकळा भाग बोटाने छेडला की तो तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वर देतो, आणि ताण वाढला की स्वर चढतो. फोनमध्ये आवाजाची वारंवारता दाखवणारं ॲप उघडून मायक्रोफोन बेल्टजवळ धरला, इंजिन अर्थातच बंद. १०५ हर्ट्झ. ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताण दुप्पट झाला तरी स्वर दीडपटही चढत नाही. कानाने अंदाज घेणारे इथेच फसतात.

९ नोव्हेंबर

दोन्ही बेल्ट काढले. आजच्या चाचणीचा प्रश्न साधा होता: बेल्टच नसतील तर इंजिन थरथरतं का?

कालच्या स्वरावरून ताण काढायला बेल्टचं वजन हवं होतं, ते हाताशी करून घेतलं. अल्टरनेटरचा बेल्ट ४पीके जातीचा, म्हणजे चार धारांचा, ८८० मिमी लांब, वजन ६२ ग्रॅम, म्हणजे मीटरला सुमारे ७० ग्रॅम. मोकळा भाग २५० मिमी. ताण = ४ × मीटरचं वजन × लांबीचा वर्ग × वारंवारतेचा वर्ग. १०५ हर्ट्झला उत्तर येतं सुमारे १९५ न्यूटन. चार धारांच्या बेल्टला हा ताण फारच कमी.

जवळपास फिरून इंजिन तापवून आणलं होतं, जरा निवल्यावर बेल्ट काढले आणि लगेच सुरू केलं. वॉटर पंप याच बेल्टवर असल्याने पाणी फिरत नाही, म्हणून अर्ध्या मिनिटाच्या आत बंद करायचं. चार्जिंगचा दिवा लागतो, तो लागणारच.

थरथर तशीच. किंचित कमी म्हणता येईल, पण काटा तसाच हेलकावे खात होता. म्हणजे थरथरीचं मूळ इंजिनात आहे. या एका चाचणीने अल्टरनेटर, वॉटर पंप, कॉम्प्रेसर आणि त्यांची सगळी बेअरिंगं मुख्य संशयितांच्या यादीतून गेली.

बेल्ट निघालेच होते, म्हणून सगळ्या पुल्या हाताने फिरवल्या. अल्टरनेटर आणि वॉटर पंप मऊ फिरतात. एसीची आयडलर पुली खरखरते आणि बाहेरच्या बाजूला डुगडुगते. चिवचिवाटाचं कारण सापडलं.

१५ नोव्हेंबर

जुनाच बेल्ट परत लावून योग्य ताणावर आणला. नवा मुद्दाम लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलली तरच आकड्यांना अर्थ राहतो, आणि आज मला फक्त ताणाचा परिणाम पाहायचा होता. अल्टरनेटरचा खालचा बोल्ट सैल, वरचा पट्टीतला बोल्ट सैल, ॲडजस्टिंग बोल्ट अर्धा अर्धा फेरा फिरवत स्वर १६५ हर्ट्झवर आणला. हा झाला सुमारे ४८० न्यूटन, आधीच्या जवळजवळ अडीचपट. ताणकाट्याने दाबला तर ११ मिमी. दोन वेगवेगळ्या पद्धती एकाच ठिकाणी आल्या याचं फार समाधान वाटलं. त्याच्या पुढे ताणायचं नाही. जास्तीचा सगळा भार अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर जातो, आणि तिथली दुरुस्ती बेल्टपेक्षा कितीतरी मोठी.

बॅटरीवर मल्टिमीटर. आयडलिंगला हेडलाइट, ब्लोअर आणि काचेचा हीटर चालू असताना, ताणण्याआधी: १२.४ व्होल्ट. ताणल्यावर: १३.६. कुई पूर्ण बंद.

पण थरथर वाढली. भावाला आत काट्यावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. हीटर लावला तसा तो म्हणाला, "दादा, ६२० ला आलाय, बंद पडेल आता." याआधी काटा ६५० च्या खाली कधी उतरला नव्हता.

यावर बराच वेळ विचार केला. अल्टरनेटर ५० अँपिअर देत असेल तर १३.६ व्होल्टला ती ६८० वॉट वीज झाली. बेल्ट आणि अल्टरनेटरमधली घट धरून इंजिनाला त्यासाठी सुमारे १.२ किलोवॉट द्यावे लागतात. ७५० आरपीएमला हे क्रँकवर १५ न्यूटन-मीटर टॉर्कच्या आसपास जातं. आयडलिंगला, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असताना, एवढ्या छोट्या इंजिनाला हा भार मोठा आहे. इतके दिवस बेल्ट घसरत होता, तेवढा भार इंजिनापर्यंत पोचतच नव्हता, बाकीची वीज बॅटरी पुरवत होती. ढिल्या बेल्टने इंजिनाची कमजोरी झाकून ठेवली होती. ताण बरोबर झाला आणि ती उघडी पडली.

बेल्ट ताणल्यावर गाडी जास्त थरथरायला लागली की बरेच जण तो पुन्हा सैल करतात. माझ्या मते तसं कधीच करू नये. वाढलेली थरथर हाच पुढच्या तपासाचा पुरावा आहे.

१६ नोव्हेंबर

आता इंजिन. तापलेलं, सगळे भार बंद, स्कॅनरवर ट्रिम.

आयडलिंगला अल्पकालीन (त्या क्षणाची) +९, दीर्घकालीन +१५, बेरीज +२४ टक्के. २,५०० आरपीएमला बेरीज फक्त +५. अधिक चिन्ह म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा जास्त इंधन देऊन मिश्रण सावरतोय. दहाच्या आतली बेरीज मी चालवून घेतली असती, चोवीस नाही.

आयडलिंगला खूप आणि वेगात थोडी, ही व्हॅक्यूम लीकची, म्हणजे कुठूनतरी चोरटी हवा आत ओढली जात असल्याची, खूण आहे. इंजिनात शिरणारी हवा थ्रॉटलच्या आधी बसवलेला एमएएफ सेन्सर मोजतो. थ्रॉटलनंतर कुठेतरी भोक पडलं तर तिथून शिरणारी हवा त्याला दिसत नाही. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटलपासून सिलिंडरांपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांत) निर्वात मोठा असतो, भोकातून हवा जोरात आत ओढली जाते, आणि एकूण हवाच थोडी असल्याने तिचा वाटा मोठा ठरतो. रेस दिली की एकूण हवा पाचेक पट होते आणि चोरटी हवा तेवढीच राहते. इंधनाचा पंप किंवा फिल्टर कमी पडत असता तर चित्र उलटं दिसलं असतं, ट्रिम वेगात आणि भारावर चढली असती. (ज्या गाड्यांत एमएएफ नसून मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर आहे, तिथे लीकची हवाही हिशेबात धरली जाते. तिथे ट्रिम फारशी हलत नाही, आरपीएम मात्र चढून बसतो. आकडे वाचण्याआधी आपल्या गाडीत कुठला सेन्सर आहे ते बघावं.)

अंदाजाने लीक सेकंदाला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. आयडलिंगच्या निर्वाताला एवढी हवा जेमतेम २ मिमी व्यासाच्या भोकातून येते. म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारं काही शोधायचं नाही.

फोनमधल्या कंपमापकानेही तपासलं. ७५० आरपीएमला क्रँक सेकंदाला साडेबारा वेळा फिरतो. चार सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणून २५ हर्ट्झचं कंपन निरोगी इंजिनातही असतं. १२.५ हर्ट्झला शिखर आलं तर क्रँकची पुली किंवा दुसरं काही फिरणारं असंतुलित असल्याचा संशय घ्यायचा. एकच सिलिंडर कमजोर असेल तर तो दोन फेऱ्यांत एकदा चुकतो, म्हणून ६.२५ ला टोकदार शिखर दिसतं. मला २५ च्या खाली टोक दिसलं नाही, नुसता पसरट फुगवटा दिसला. सिलिंडर आलटून पालटून चुकतायत. पी०३०० हेच सांगत होता.

खात्रीसाठी एकेका इंजेक्टरच्या वायरचा प्लग काढून आरपीएम किती पडतो ते पाहिलं. चारही वेळा जवळपास सारखाच पडला. (कॉइल काढून ही चाचणी करू नये, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो.)

१८ नोव्हेंबर

स्पार्क प्लग काढून पाहिले. चारही किंचित पांढुरके, गॅप मॅन्युअलप्रमाणे. परत लावले.

२२ नोव्हेंबर

सापडलं.

मॅनिफोल्डवर स्प्रे मारून आरपीएम बदलतो का ते पाहायची पद्धत सर्रास वापरतात. तापलेल्या इंजिनावर, फिरत्या पंख्याशेजारी ज्वालाग्राही फवारा मला मान्य नाही. त्यापेक्षा मॅनिफोल्डला जोडलेली एकेक रबरी नळी, कापड गुंडाळलेल्या चपट्या पकडीने मॅनिफोल्डलगत दाबायची आणि स्कॅनरवर अल्पकालीन ट्रिमकडे बघायचं. वेळ लागतो, पण उत्तर निःसंदिग्ध मिळतं.

ब्रेक बूस्टरची नळी दाबली, फरक नाही. (इंजिन बंद करून चाचणीनंतर ब्रेक पायाने तपासले, या नळीशी खेळल्यावर ते केलंच पाहिजे.) कॅनिस्टरची (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा धरणाऱ्या डब्याची) नळी, फरक नाही. पीसीव्हीची नळी (क्रँककेसमधल्या, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीतल्या, वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारी) दाबली आणि ट्रिम +९ वरून घसरत −१० पर्यंत आली. इंजिन तिथल्या तिथे शांत झालं. सोडली, परत थरथर. भावाला न सांगता पुन्हा दाबली, तो आतून ओरडला, "काय केलंस? थांबलं!"

पीसीव्हीची नळी दाबल्यावर ट्रिम इतकी हलणं स्वाभाविक नाही. तिच्यातून जाणारी हवा ब्रीदरच्या नळीने, म्हणजे एमएएफने मोजल्यानंतरच, क्रँककेसमध्ये आलेली असते. म्हणून आत जाणारी हवा एकतर नळीलाच चीर असल्याने येत होती, नाहीतर क्रँककेस बाहेरून हवा घेत होता. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट होत्या. नळी काढून वाकवली तर कोपराच्या खालच्या अंगाला, पीसीव्ही व्हॉल्व्हपासून बोटभर अंतरावर, आडवी चीर. ऑइलच्या वाफेने रबर तिथे फुगून मऊ झालं आहे. गार असताना चीर मिटलेली राहते, तापल्यावर उघडते. सकाळी गाडी शांत आणि तापल्यावर थरथरणारी का, हे आता स्पष्ट आहे.

२९ नोव्हेंबर

नवी नळी बसवली. ऑइल आणि उष्णता सोसणारी, गाडीसाठीच घडवलेल्या कोपऱ्याची. साधी पाण्याची किंवा पेट्रोलची सरळ नळी वाकवून बसवली तर निर्वाताने ती चपटी होते. पीसीव्ही व्हॉल्व्ह हलवून पाहिला, आतली गोळी खुळखुळते, तो ठेवला. आता कोड पुसले.

६ डिसेंबर

एसीची आयडलर पुली नवी. सरळ लोखंडी पट्टी पुल्यांच्या तोंडांवर ठेवून पाहिली. जुन्या पुलीला एका टोकाला ३ मिमीची फट होती, आता अर्ध्या मिमीच्या आत. ३०० मिमी अंतराला दीड मिमीपर्यंत चालतं. तिच्यासोबत दोन्ही बेल्ट नवे. अल्टरनेटरचा १८५ हर्ट्झवर लावला, सुमारे ६०० न्यूटन. दहा मिनिटं इंजिन चालवलं, गार होऊ दिलं, परत छेडला: १७२. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले.

२० डिसेंबर

गाडी रोजच्या वापरात आहे. तापलेल्या इंजिनावर आयडलिंग ७५०, काटा हलत नाही. दीर्घकालीन ट्रिम +३, अल्पकालीन शून्याच्या अल्याडपल्याड. कोड नाहीत. सगळे भार लावून १३.७ व्होल्ट, आरपीएम क्षणभर ७०० ला जाऊन परत वर येतो. फोनवर २५ हर्ट्झचं शिखर आहे, खालचा फुगवटा गेला. बेल्टचा स्वर १६७.

एसी लावल्यावर स्टिअरिंगमध्ये हलकी, एकसारखी थरथर अजून येते. ती २५ हर्ट्झचीच आहे, सिलिंडर चुकत नाहीत. उजव्या बाजूच्या इंजिन माउंटिंगचं रबर खाली बसल्यासारखं दिसतं. पुढच्या मोकळ्या दिवशी इंजिनाला खालून लाकडाच्या ठोकळ्यावर आधार देऊन ते उघडायचं. बेल्टचा ताण पुन्हा मोजायचा तो ५,००० किलोमीटरनंतर.